सिनियर कोण? चार टर्मचे दोन हिशेब

कॉलेजात सिनियर कोण, हे ठरवायला फार डोकं लागत नाही. जो आपल्या आधी आला, तो सिनियर. फर्स्ट इयरवाल्यानं सेकंड इयरवाल्याला ‘दादा’ म्हणायचं, गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये थर्ड इयरवाले बोलतात तेव्हा ऐकून घ्यायचं, आणि मेसच्या लाइनीत मधे घुसला की ‘काहून बे, मागं हो’ हे ऐकायची तयारी ठेवायची. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

आता जरा अवघड प्रश्न घ्या. एका पोरानं २०२० ला ॲडमिशन घेतली, एक वर्ष शिकला, एक वर्ष ड्रॉप घेऊन पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला आणि मग परत आला. दुसऱ्यानं २०२१ ला ॲडमिशन घेतली आणि एकही दिवस खंड पडू दिला नाही. दोघं आज एकाच वर्गात बसतात. यातला सिनियर कोण?

हसू नका. हाच प्रश्न २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीत लोकसभेच्या दारात उभा राहिला होता आणि त्यावरून सत्ताधारी-विरोधक चांगलेच भिडले होते. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या राजकारणातच सापडतात. त्यासाठी दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही.

चार टर्म इकडे, चार टर्म तिकडे

पहिलं नाव मुकुल वासनिक. १९८४ च्या डिसेंबरमध्ये ते बुलढाण्यातून लोकसभेवर निवडून आले तेव्हा त्यांची पंचविशी पूर्ण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. लोकसभा लढवायला किमान वय पंचवीसच लागतं. म्हणजे कायद्यानं ज्या क्षणी दार उघडलं, त्याच क्षणी ते आत गेले. त्या लोकसभेतले सर्वांत तरुण खासदार म्हणून त्यांचं नाव गाजलं. तुमच्यापैकी जो आज एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तो साधारण त्याच वयाच्या आसपास आहे. विचार करून बघा.

पण पुढचा प्रवास सरळ नव्हता. १९८९ ला हरले. १९९१ ला परत बुलढाण्यातून जिंकले. १९९६ ला हरले. १९९८ ला जिंकले, पण ती लोकसभा तेरा महिन्यांतच बरखास्त झाली आणि १९९९ ला पुन्हा पराभव. २००९ पासून बुलढाणा मतदारसंघ खुला झाला, मग ते रामटेकमधून लढले, जिंकले आणि केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. २०१४ ला तिथंही हार. लोकसभेच्या चार टर्म झाल्या, पण लागोपाठ दोन कधीच नाहीत.

दुसरं नाव प्रतापराव जाधव. मेहकरचे आमदार म्हणून नाव कमावल्यावर २००९ ला ते बुलढाण्यातून लोकसभेवर गेले. मग २०१४, २०१९ आणि २०२४. चार टर्म, एका पाठोपाठ एक, एकाच मतदारसंघातून. मधल्या काळात ग्रामविकास आणि नंतर माहिती तंत्रज्ञान विषयाच्या संसदीय स्थायी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि २०२४ ला ते केंद्रात आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री झाले.

दोघांच्या खात्यावर लोकसभेच्या चार-चार टर्म आहेत. आता सांगा, सिनियर कोण? आधी कोण आलं, असं विचारलं तर वासनिक, तब्बल पंचवीस वर्षांनी. सलग कोण राहिलं, असं विचारलं तर जाधव. एकूण वर्षं मोजली तर वासनिकांची लोकसभेतली साधारण सोळा भरतात, कारण १९९८ ची टर्म ‘एक टर्म’ म्हणून मोजली जाते पण प्रत्यक्षात वर्षभराचीच होती. जाधवांची २०२४ लाच पूर्ण पंधरा झाली आणि चौथी टर्म पुढं चालू झाली. हिशेबाची पद्धत बदलली की उत्तर बदलतं.

आणि खरी गंमत पुढं आहे. २०२२ च्या जूनमध्ये वासनिक राजस्थानातून राज्यसभेवर निवडून गेले. संसदेत पहिलं पाऊल टाकल्यावर सदतीस वर्षांनी त्यांनी तिथं शपथ घेतली, आणि राज्यसभेच्या नोंदीत त्यांच्या नावापुढं लागली ती ‘पहिली टर्म’. एकेकाळचा लोकसभेतला सर्वांत तरुण खासदार साठी ओलांडल्यावर पुन्हा फ्रेशर झाला!

दिल्लीत हाच प्रश्न कसा पेटला

नवी लोकसभा निवडून येते तेव्हा एक अडचण असते. सगळ्यांना शपथ द्यायची आहे, पण अध्यक्षच अजून निवडलेला नाही. म्हणून राष्ट्रपती एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. हा मान सर्वांत ज्येष्ठ सदस्याला द्यायचा, असा संकेत आहे. संकेत म्हणजे लिखित नियम नाही, चालत आलेली रीत. घरात जेवायला आधी आजोबांना वाढतात, तसं.

२०२४ मध्ये काँग्रेसचं म्हणणं होतं की हा मान केरळच्या कोडिकुन्नील सुरेश यांचा, कारण ते आठव्यांदा निवडून आले होते. सरकारनं नाव दिलं ओडिशातल्या कटकच्या भर्तृहरी महताब यांचं, जे सातव्यांदा निवडून आले होते. आठ मोठे की सात? सरकारचा युक्तिवाद असा की सुरेश १९९८ आणि २००४ ला हरले होते, त्यांच्या कारकिर्दीत खंड आहे. महताब १९९८ पासून सलग आहेत. विरोधकांचं उत्तर असं की एकूण अनुभव मोजा, खंड कशाला मोजता? शेवटी शपथ दिली ती महताब यांनीच.

आपल्या विधानसभेतही हाच संकेत चालतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नव्या आमदारांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्ष झाले ते मुंबईतल्या वडाळ्याचे नऊ वेळा आमदार झालेले कालिदास कोळंबकर.

ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये हा वाद होत नाही, कारण तिथं रीत पक्की आहे. सलग सेवा मोजायची, आणि दोघं एकाच निवडणुकीत आले असतील तर शपथ आधी कुणी घेतली ते बघायचं. आपल्याकडं झेडपीच्या किंवा संस्थेच्या शाळेत कुणाचे आईबाबा शिक्षक असतील तर त्यांना विचारा. ‘सेवाज्येष्ठता यादी’ हा शब्द काढला की ते तासभर बोलतील. रुजू झाल्याची तारीख, मधला खंड, एकाच दिवशी रुजू झाले तर वय. एका तारखेवरून मुख्याध्यापकपद कुणाचं हे ठरतं, म्हणून भांडणंही होतात.

राज्यसभेत मात्र असा दिवस येतच नाही

आता राज्यसभेकडं या. तिला मराठीत आपण ‘वरिष्ठ सभागृह’ म्हणतो. म्हणजे नावातच सिनियर! वयाची अटही लोकसभेपेक्षा पाच वर्षांनी जास्त, किमान तीस. पण या सभागृहाला हंगामी अध्यक्षाची गरज पडत नाही, कारण ते कधी बरखास्तच होत नाही. राज्यघटनेच्या ८३ व्या कलमानुसार दर दोन वर्षांनी साधारण एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि तेवढेच नवे येतात. उरलेले दोन-तृतीयांश जागेवरच असतात. सभापतिपद उपराष्ट्रपतींकडे असतं, त्यामुळे खुर्चीही मोकळी राहत नाही.

मग १९५२ ला, जेव्हा सगळेच नवे होते, तेव्हा काय केलं? सहा वर्षांची टर्म, पण दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा बाहेर काढायचा होता. तेव्हा चक्क चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला दोन वर्षं, कुणाला चार, कुणाला पूर्ण सहा. पहिली बैठक १३ मे १९५२ ला झाली आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये पहिली तुकडी निवृत्तही झाली. तेव्हापासून हे चाक थांबलेलं नाही.

महाराष्ट्राच्या राज्यसभेत १९ जागा आहेत. त्यांचंही असंच वाटप आहे: २०२० ला सात जागा भरल्या, २०२२ ला सहा, २०२४ ला सहा. म्हणजे आपल्या राज्याचे खासदार तिथं कायम तीन बॅचचे असतात. फर्स्ट, सेकंड, थर्ड इयर एकाच छताखाली. कॉलेजची रचनाही अशीच असते, म्हणून तर कॉलेजात सिनियर-ज्युनियर हे प्रकरण आपोआप तयार होतं.

पण मोजायचं कसं?

राज्यसभेतली ज्येष्ठता मोजायला बसलात की एकेक गोष्ट हाताला लागते.

डॉ. मनमोहन सिंग १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत आले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. तेहतीस वर्षांची कारकीर्द, असं सगळीकडं छापून आलं. पण २०१९ च्या जूनमध्ये आसाममधली त्यांची टर्म संपली आणि राजस्थानातून ते ऑगस्टमध्ये निवडून आले. मधले दोन महिने ते खासदार नव्हते. याला ‘खंड’ म्हणायचं का? काटेकोर नियम लावला तर म्हणावं लागेल. पण दोनदा पंतप्रधान राहिलेल्या माणसाला दोन महिन्यांसाठी ज्युनियर म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. प्रफुल्ल पटेल २०२२ ला महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून आले. ती टर्म २०२८ पर्यंत होती. पण २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली, बिनविरोध निवडून आले आणि आधीची जागा सोडली. नवी टर्म २०३० पर्यंत. आता टर्म मोजल्या तर दोन वर्षांत दोन! म्हणजे ‘किती वेळा निवडून आले’ आणि ‘किती वर्षं बसले’ हे दोन वेगळे आकडे आहेत. उलट पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सदस्याला आधीच्या माणसाची उरलेलीच मुदत मिळते. त्याची टर्म दोन-तीन वर्षांचीही असू शकते.

तिसरं उदाहरण मल्लिकार्जुन खर्गे यांचं. कर्नाटक विधानसभेत सलग नऊ वेळा, मग लोकसभेत दोनदा. २०२० ला राज्यसभेत पहिल्यांदा आले आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत, २०२१ च्या फेब्रुवारीत, थेट विरोधी पक्षनेते झाले. सभागृहात नवे, पण राजकारणात पन्नास वर्षं जुने. इथं पक्षानं मोजला तो एकूण प्रवास.

आणि सरकारी तिजोरी काय मोजते? तिचा हिशेब एकदम स्वच्छ आहे. २०२५ ला सुधारलेल्या दरानं माजी खासदाराला महिन्याला ३१,००० रुपये पेन्शन मिळते आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २,५०० रुपये वाढतात. वर्षं सलग असोत की तुटक, लोकसभेतली असोत की राज्यसभेतली, सगळी एका बेरजेत येतात. समजा कुणाची एकूण सोळा वर्षं झाली. अकरा वर्षांचे २७,५०० आणि मूळ ३१,०००, मिळून ५८,५०० रुपये. हरलेल्या निवडणुकांचं एक पैसाही वजा होत नाही.

सिनियर असून मिळतं काय?

आता मुद्द्याचं बोलू. एवढी मोजामोज करून हाती काय लागतं?

पगारात काही नाही. पहिल्या टर्मचा आणि सहाव्या टर्मचा खासदार, दोघांना महिन्याला सारखेच १,२४,००० रुपये. मताचं वजनही सारखंच, एकाला एक. तारांकित प्रश्न कुणाचे घ्यायचे, खासगी विधेयक कुणाचं आधी मांडायचं, हे बॅलटनं म्हणजे चिठ्ठी काढून ठरतं, आणि चिठ्ठीला कुणाची ज्येष्ठता कळत नाही. चर्चेत बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर. त्या वेळेतला किती कुणाला द्यायचा, हे पक्ष ठरवतो, आणि खरी अडचण इथं सुरू होते. तिथं सहसा जुन्यांचा नंबर आधी लागतो, नव्याच्या वाट्याला शेवटची तीन मिनिटं येतात.

घराच्या बाबतीत मात्र ज्येष्ठता उघड दिसते. राज्यसभेच्या सदस्यांसाठी जी माहितीपुस्तिका आहे, तिच्यानुसार पहिल्यांदा आलेल्या खासदाराला साधारण टाइप पाचचं घर मिळतं. माजी केंद्रीय मंत्री, माजी राज्यपाल, माजी मुख्यमंत्री अशांना टाइप सात. २०२२ ला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पंजाबातून राज्यसभेवर आलेले राघव चढ्ढा यांना टाइप सातचा बंगला मिळाला, मग २०२३ ला तो रद्द झाला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे हॉस्टेलची चांगली खोली सिनियरलाच का, हा वाद फक्त आपल्याच हॉस्टेलात होत नाही.

अमेरिकेत तर या ज्येष्ठतेला फारच वजन आहे. तिथल्या सिनेटमध्ये शंभर सदस्य आणि प्रत्येकाचा ज्येष्ठतेचा क्रमांक ठरलेला. दोघांनी एकाच दिवशी शपथ घेतली तर आधी सिनेटमध्ये होते का, मग कनिष्ठ सभागृहात होते का, मंत्री होते का, राज्याचे गव्हर्नर होते का, असं एकेक बघत जातात. तरीही बरोबरी झाली तर ज्याच्या राज्याची लोकसंख्या जास्त, तो सिनियर! कार्यालयाची खोली, समितीतलं स्थान, सगळं त्यावर. बहुमतातल्या पक्षाचा सर्वांत जुना सदस्य रीतीप्रमाणे सिनेटचा हंगामी सभापती होतो आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसा क्रमात उपराष्ट्राध्यक्ष आणि कनिष्ठ सभागृहाच्या स्पीकरनंतर त्याचा नंबर लागतो. २०२५ मध्ये या खुर्चीवर पुन्हा बसले चक ग्रासली. १९३३ चा जन्म, १९८१ पासून सिनेटमध्ये. तिथंही लोक विचारतात की हा अनुभवाचा मान आहे की नुसत्या टिकून राहण्याचा.

लाइन मोडून पुढं आलेल्या बाया

आपली राज्यसभा या बाबतीत जरा मोकळी निघाली. उपसभापतिपदासाठी अमुक टर्म झाल्याच पाहिजेत, असा नियम नाही. सदस्य मतानं निवडतात.

नजमा हेपतुल्ला १९८० ला महाराष्ट्रातून राज्यसभेत गेल्या आणि पहिल्याच टर्ममध्ये, १९८५ ला, उपसभापती झाल्या. पुढं १९८८ पासून २००४ पर्यंत त्यांनी ती खुर्ची सांभाळली. मधल्या काळात, १९८६ ते १९८८, त्याच खुर्चीवर होत्या प्रतिभाताई पाटील. त्यांचा मतदारसंघ एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. मलकापूरच्या पोरांसाठी अगदी शेजारचा तालुका. प्रतिभाताई १९८५ ला राज्यसभेत आल्या आणि पुढच्याच वर्षी उपसभापती झाल्या. मात्र त्याआधी १९६२ पासून त्या राज्याच्या विधानसभेत होत्या आणि मंत्रीही राहिल्या होत्या. २०१८ ला उपसभापती झालेले हरिवंश हेसुद्धा तेव्हा पहिल्याच टर्ममध्ये होते.

२०२३ च्या जुलैमध्ये आणखी एक पाऊल पडलं. सभापती-उपसभापती नसताना सभागृह चालवायला जे तालिका उपसभापती नेमतात, त्या आठ जणांत चार महिला होत्या आणि त्या चौघीही पहिल्या टर्मच्या. पी. टी. उषा, नागालँडच्या फान्गनॉन कोन्याक, ओडिशाच्या सुलता देव आणि आपल्या परभणीच्या फौजिया खान. त्याच महिन्यात कोन्याक खुर्चीवर बसल्या तेव्हा राज्यसभेचं कामकाज चालवणाऱ्या त्या नागालँडच्या पहिल्या महिला सदस्य ठरल्या. जुन्याजाणत्या सदस्यांना ‘आपली वेळ संपली’ असं सांगायचं काम त्या दिवशी एका नव्या सदस्याकडं होतं, आणि सभागृह नीट चाललं.

मग सिनियॉरिटी फालतू का?

असं म्हणायची घाई करू नका. कायदे करणं हे शिकावं लागतं. विधेयकातल्या एका शब्दाची दुरुस्ती कशी सुचवायची, मंत्र्याचं गोलमाल उत्तर आलं तर पुरवणी प्रश्नात त्याला कसं पकडायचं, समितीत अधिकाऱ्यांकडून कागद कसे काढून घ्यायचे, हे एका अधिवेशनात येत नाही. राज्यसभा दर दोन वर्षांनी तिसरा हिस्साच बदलते त्यामागं हाच विचार आहे. जुने शिकवतील, नवे शिकतील, आणि एका लाटेत सगळं सभागृह नवखं होणार नाही.

अडचण होते ती ज्येष्ठता म्हणजेच काम, असं आपण धरून चालतो तेव्हा. आपल्या जिल्ह्याचंच बघा. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. चिखली, देऊळगाव राजाच्या पोरांनी आजोबांच्या तोंडून ती ऐकलीय. या काळात जिल्ह्यानं देशातला तरुण खासदार पाहिला, सलग चार टर्मचा खासदार पाहिला, केंद्रात मंत्री पाहिले. सर्वेक्षणं झाली, निवेदनं झाली, आंदोलनं झाली. आजही बुलढाणा शहरातल्या पोराला रेल्वे धरायची तर एसटीनं मलकापूर नाही तर शेगाव गाठावं लागतं. याचा अर्थ सगळा दोष एका-दोघांचा, असा नाही. रेल्वेचे निर्णय दहा ठिकाणी अडतात, पैसा कोण देणार इथं अडतात. अर्थ एवढाच की ‘आमचे साहेब लय सिनियर आहेत’ हे ऐकल्यावर आपला पुढचा प्रश्न तयार पाहिजे: मग त्या सिनियॉरिटीतून जिल्ह्याला काय आणलं?

हाच प्रश्न तुमच्या कॉलेजच्या स्टुडंट कौन्सिललाही लागू आहे आणि गावातल्या गणेश मंडळालाही.

तुमचा यात काय संबंध?

‘राज्यसभेला आपण कुठं मत देतो?’ असं वाटत असेल. थेट देत नाही, खरंय. आमदार देतात. पण हिशेब करा. विधानसभेत २८८ आमदार. सहा जागांची निवडणूक असेल आणि सगळ्यांनी मतदान केलं तर एका उमेदवाराला निवडून यायला पहिल्या पसंतीची साधारण ४२ मतं लागतात. आपल्या जिल्ह्यातून सात आमदार जातात: मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद. सात म्हणजे ४२ चा सहावा हिस्सा. तुम्ही विधानसभेला बटण दाबता, तेव्हा राज्यसभेच्या एका खासदाराचा तुकडाही निवडत असता. शिवाय २००३ पासून हे मतदान खुलं आहे, आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. त्याच वर्षी उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली. म्हणून तर बुलढाण्याचा माजी खासदार राजस्थानातून जाऊ शकला.

आणि एक वरिष्ठ सभागृह असं आहे जिथं तुम्ही थेट मत देऊ शकता. आपली विधान परिषद. पदवी मिळून तीन वर्षं झाली की तुम्ही अमरावती पदवीधर मतदारसंघाचे मतदार होऊ शकता. यात अमरावती विभागाचे पाचही जिल्हे येतात.

या मतदारसंघाचा इतिहास वाचला तर ज्येष्ठतेचं काय होतं ते कळतं. प्रा. बी. टी. देशमुख इथून १९८० पासून सलग पाच टर्म, तीस वर्षं आमदार होते. शिक्षकांच्या आणि विदर्भाच्या अनुशेषाच्या प्रश्नांवर त्यांचा अभ्यास सभागृहात मानला जायचा. २०१० ला पदवीधरांनी त्यांच्याऐवजी नवखे डॉ. रणजीत पाटील यांना निवडलं. पाटील पुढं राज्यात मंत्री झाले, दुसऱ्यांदाही जिंकले. २०२३ ला, लांबलचक चाललेल्या मतमोजणीनंतर, त्यांना हरवलं ते पहिल्यांदाच निवडून आलेल्या धीरज लिंगाडे यांनी. लिंगाडे बुलढाण्याचे. तीस वर्षांच्या सिनियरला हरवणारा स्वतः सिनियर झाला, आणि त्यालाही पुढच्या नव्यानं हरवलं. बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवा. पण ठरवणारे पदवीधर होते, म्हणजे चार-पाच वर्षांनंतरचे तुम्ही.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. या निवडणुकीची मतदार यादी दर वेळी कोरी पाटी घेऊन नव्यानं बनते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे इथं आहे, असं नसतं. मागच्या वेळी नोंदणी केली होती, तरी पुन्हा करावी लागते. त्यासाठी नमुना १८ चा अर्ज, पदवीचा पुरावा आणि रहिवासाचा पुरावा लागतो. बहुतेक पोरं पदवीचं सर्टिफिकेट नोकरीच्या फाइलमध्ये ठेवतात आणि हा हक्क विसरून जातात. घरात ताई-दादा पदवीधर असतील तर आजच विचारा, नाव नोंदवलंय का?

आणि पुढच्या वेळी कुणाच्या बॅनरवर ‘ज्येष्ठ नेते’ असं वाचलं, की मनातल्या मनात तीन गोष्टी विचारा. किती वेळा निवडून आले, किती वर्षं खरोखर सभागृहात बसले, आणि बसले तेव्हा काय प्रश्न विचारले? पहिल्या दोन गोष्टी बॅनरवरच लिहिलेल्या सापडतील. तिसरी शोधायला लोकसभा, राज्यसभा आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवरचं कामकाज उघडावं लागेल. सदस्याचं नाव टाकलं की त्यानं विचारलेले प्रश्न समोर येतात. त्याला पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, आणि वयाची अटही नाही.